मोतीराम कंडक्टरचा सुयांचा दवाखाना

माझ्या बहिणीचा नवरा लोकांना सुया टोचतो, हे मी पाहुण्यारावळ्यांत सांगायचं टाळत असे. पण पाहुणेच चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारायचे, "काय हो राजकुमार, तुमचे भाऊजी चिनी डॉक्टर झाले म्हणे?" सुलतानपुरात माझं औषधाचं दुकान आहे, रीतसर फार्मसी शिकून काढलेलं. दुकानासमोरच्याच गल्लीत मोतीराम भाऊजींचं घर. म्हणजे गोळ्या मी विकायच्या आणि त्या खाऊ नका असं माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी लोकांना सांगायचं. माणूस चिडणार नाही तर काय करणार?

भाऊजी मूळचे एसटीचे कंडक्टर. सगळी नोकरी मेहकर-जालना गाडीवर काढली. त्या रस्त्यावरचे खड्डे त्यांना नावानिशी ठाऊक होते. निवृत्तीच्या दिवशी हार-नारळ घेऊन घरी आले आणि सोबत कंबरदुखीही घेऊन आले. मग तेल झालं, शेक झाला, बिब्ब्याचे चटके झाले, माझ्या दुकानातल्या गोळ्यांचे तर पट्टेच्या पट्टे झाले. कंबर काही ऐकेना. शेवटी मलकापूरला एका जिनिंगवाल्या शेठजींनी वडिलांच्या स्मरणार्थ अॅक्युपंक्चरचं शिबिर ठेवलं होतं, तिथं त्यांना कुणीतरी नेलं. जाताना ते गाडीच्या मागच्या बाकावर आडवे होऊन गेले आणि येताना जागा रिकामी असूनही उभ्यानं आले. हे ते स्वतःच सांगतात. मी म्हणालो, "भाऊजी, सवयच होती न तुमाले." ते त्यांना आवडलं नाही.

भाऊजींची कंबर सुटली ती सुटलीच, पण डोकं मात्र त्यात अडकलं. त्याच शेठजींच्या धर्मशाळेत पुढं सुया लावायला शिकवणारा एक वर्ग निघाला. भाऊजी तिथं मुक्कामाला जाऊन राहिले. परत आले ते खिडकीएवढं प्रमाणपत्र, चिनी अक्षरांच्या डब्यातल्या सुया आणि प्लास्टिकचा एक उघडा माणूस घेऊन. त्या माणसाच्या अंगभर ठिपके होते आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा होत्या. ताईनं आधी त्याला टॉवेल नेसवला आणि मगच कपाटावर जागा दिली.

रेघांचा अर्थ भाऊजी ज्याला त्याला समजावून सांगत. मी आजवर बरीच पुस्तकं चाळली, पण यापेक्षा सोपा खुलासा मला कुठं सापडला नाही. "हे पाहा, ह्या लाईनी हायेत. ही फुप्फुसाची, अंगठ्यावर संपते. ही मूत्राशयाची, लांब पल्ल्याची, डोळ्यापासून निघते थे पायाच्या करंगळीपावतर. या लाईनीईवरून जीवाची ताकद फिरते. हे ठिपके म्हंजे थांबे. कुठं गाडी तुंबली का मागची माणसं खोळंबते, मंग दुखते. आपण काही करत नाही, फक्त घंटी मारतो." असं म्हणून ते खरोखरच घंटी मारत. पुढच्या खोलीत त्यांनी खाटेवरून दारापर्यंत दोरी ताणून घंटा बांधली होती. एक टोल म्हणजे सुया लागल्या, हलायचं नाही. डबल बेल म्हणजे सुया निघाल्या, उतरा.

फी ते घेत नसत. समाजसेवा म्हणत. त्यामुळं कुणी वांगी आणून दे, कुणी लिंबं, कुणी वाटीभर तुरीची डाळ. माणसं मात्र सुरुवातीला बिचकली. आपल्याकडं सुई म्हणजे इंजेक्शन, आणि इंजेक्शन म्हणजे आत औषध. पहिल्या दिवशी चांगुणाबाई आल्या. त्या भाऊजींच्या शेजारीण, गावातली कोणतीही गोष्ट त्यांच्या ओट्यावरून गेल्याशिवाय पुढं जात नाही. सुई लागल्यावर त्यांनी मान वळवून पाहिलं आणि ओरडल्या, "अवं माय, हे तं रिकामीच हाय! औषध कुठं गेलं?"

"औषध तुमच्याच अंगात हाय, बाई," भाऊजी म्हणाले.

"मंग मी तुमच्याकडं काऊन आली?"

प्रश्न बिनतोड होता. तरी चांगुणाबाई दुसऱ्या दिवशी परत आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या. कारण चिनी पद्धतीत म्हणे टोचायच्या आधी पुष्कळ विचारावं लागतं. जीभ पाहावी लागते, दोन्ही मनगटांच्या नाड्या पाहाव्या लागतात. मग झोप कशी लागते, तहान किती लागते, घाम कुठं येतो, स्वप्नं कसली पडतात, उगीच रडू येतं का. भाऊजी हे सगळं पुस्तकात असल्याप्रमाणं विचारत आणि उत्तर संपेपर्यंत थांबत. चांगुणाबाईंना आयुष्यात कुणी घामाबद्दल विचारलं नव्हतं. त्या पोटभर सांगून जायच्या आणि बाहेर येऊन म्हणायच्या, गुण आला.

पण खरी मौज पुढं झाली. सुया किती लावायच्या ते दुखण्यावर असतं, हे गावाला पटेना. गावानं हिशेब वेगळाच लावला. जास्त सुया म्हणजे जास्त मान. गुलाबराव पाटील कंबर धरून आले. गावातली मोठी शेती त्यांची, लग्नाच्या पंगतीत पहिलं पान त्यांचं. त्यांना भाऊजींनी बारा सुया लावल्या. ही बातमी चांगुणाबाईंच्या ओट्यावरून निघाली आणि दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचे एक सदस्य सर्दीची तक्रार घेऊन आले. त्यांना तीन लागल्या. ते रागानं लाल झाले. "पाटलाले बारा अन् मले तीन? आम्ही का मतं कमी घेतली का?" त्यांच्या समाधानासाठी भाऊजींनी पायाला आणखी दोनचार लावल्या. मग गुलाबरावांच्या कानावर गेलं की सर्दीलाही सात लागतात. ते म्हणाले, "मोतीराम, आपण शाळेत एका बाकावर होतो बे. माह्या नावाले बट्टा नको लावू. वाढव." सोयरे आले की एकमेकांच्या सुया मोजून पाहत, आणि कमी पडल्या तर रुसत.

एक गोष्ट मात्र मी मानतो. गुलाबरावांच्या वडिलांनी आमच्या बौद्ध वस्तीत कधी पाय टाकला नव्हता. आणि गुलाबराव रोज सकाळी आमच्या वस्तीत, भाऊजींच्या खाटेवर उघड्या पाठीनं पालथे पडलेले असायचे. कितीतरी भाषणांनी जमलं नव्हतं, ते त्यांच्या मणक्यानं जमवलं. मला आतून बरं वाटायचं, पण दुकान माझं रिकामं असल्यानं मी तसं बोललो नाही.

मध्यंतरी चीनच्या सीमेवर गडबड झाली आणि पोरांनी चौकात चिनी दिव्यांच्या माळा जाळल्या. गुलाबराव पालथे पडल्यापडल्याच म्हणाले, "दारावरच्या पाटीतलं 'चिनी' काढ. ही विद्या आपलीच हाय. भीष्माले एवढे बाण लागले, तरी थो किती दिवस जगला? थे सारे ठिपक्याईवरच लागले होते." शेजारच्या खुर्चीवर आमच्या वस्तीतले नागसेन गुरुजी मनगटात सुया घेऊन बसले होते. ते म्हणाले, "पाटील, ही विद्या भिक्खू घेऊन गेले तिकडं. पायी गेले." दोघांचं चांगलंच जुंपलं. हातवारे करायची सोय नव्हती, दोघांच्याही अंगात सुया होत्या. शेवटी पाटीवर 'चिनी'च्या जागी 'पुरातन' आलं. सुयांच्या डब्यावरची अक्षरं काही कुणी खोडली नाहीत.

हे सगळं जोरात चाललं होतं, पण एक कुसळ होतं. माझी ताई, जनकाबाई. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. उजवा तर इतका की उठताना ती आधी भिंतीला हात लावायची, मग खुर्चीला, मग तोंडातल्या तोंडात भाऊजींना काहीतरी म्हणायची आणि मग उठायची. दुखणं थांबवायच्या गोळ्या ती माझ्याकडून नेत असे, पदराखालून. भाऊजींची सुई तिनं एकदाही लावून घेतली नाही.

गाव हे पाहत होतंच. चांगुणाबाईंनी एकदा भर नळावर विचारलं, "घरच्या बाईचे गुडघे तसेच, अन् गावाच्या कंबरा सरळ कराले निघाले?" त्या दिवसापासून भाऊजींची झोप उडाली. म्हणजे असं ते म्हणत. त्यांनी ताईची मनधरणी केली, पुस्तक दाखवलं, उघड्या माणसाच्या गुडघ्यावरचे ठिपके दाखवले. ताई म्हणाली, "त्यालेच लावा."

त्यात दुसरबीडचं आमंत्रण आलं. तिथली व्यापारी मंडळी मोठं शिबिर भरवणार होती. भाऊजी ज्या थांब्यावर जन्मभर "दुसरबीडवाले उतरा" म्हणून ओरडले, तिथंच त्यांचा शाल देऊन सत्कार होणार होता. मंडळींनी एकच अट घातली. बऱ्या झालेल्या रोग्यानं दोन शब्द बोलायचे, आणि ते घरच्याच बाईंनी बोलले तर लोकांचा विश्वास बसेल. भाऊजी हो म्हणून बसले. घरी येऊन ताईला सांगितलं तर ती भाकरी थापतच राहिली. "पाहू," म्हणाली. आता ताईनं सुई लावून घेतली नाही तर दुसरबीडला भाऊजींची शोभा होणार, आणि दवाखानाही बसणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. तो होत नव्हता, याचाही मला राग येत होता.

आता लाजेची गोष्ट सांगतो. त्याच दिवसांत माझा खांदा धरला. वरच्या फळीवरची बाटली काढता येईना. माझ्याच दुकानातल्या गोळ्या मलाच लागू पडेनात. म्हणून मी मागच्या दारानं, गिऱ्हाइकांच्या नजरा चुकवून, भाऊजींकडे गेलो. त्यांनी काही चेष्टा केली नाही. आतल्या बाजूला पडदा लावून मला दुसऱ्या खाटेवर निजवलं आणि सुया लावल्या पायाच्या पिंडरीत. मी म्हटलं, "भाऊजी, खांदा वर हाय." ते म्हणाले, "लाईन तीच हाय, गप पड," आणि एक टोल दिला.

मी तसा पडलो असतानाच बाहेरच्या ओट्यावर कुजबुज झाली. पुढच्या खाटेवरून उठून चांगुणाबाई हसत बाहेर गेल्या आणि त्यांच्यामागून रांगेतला पुढचा रोगी आत आला. ती माझी ताई होती. घरातून आतल्या दारानं न येता ती गल्लीला वळसा घालून, ओट्यावरच्या बाकावर नंबर धरून बसली होती.

"अवं, तू कायले आली? चहा झाला का?" भाऊजी म्हणाले.

"चहाले नाही आली. नंबर लागला माहा."

भाऊजींनी स्टूल सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बस. जीभ दाखव."

"दाखवा म्हणा. चांगुणाले दाखवा म्हणता."

"दाखवा," भाऊजी म्हणाले.

तिनं दाखवली असावी. मग नाडी झाली. भाऊजींचा आवाज जरा सावध झाला होता. "झोप कशी लागते?"

"लागत नाही."

"काऊन?"

"तुम्ही घोरता."

बाहेर ओट्यावर मोठा हशा झाला. आमच्याकडं खिडक्यांना दारं असतात, पण ती लावायची पद्धत नाही.

"कधीपासून?"

"लग्नापासून."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुम्ही विचारलं काऊन नाही?"

भाऊजींनी पुस्तकातला पुढचा प्रश्न घेतला. "भूक कशी हाय?"

"सगळ्याईचं झाल्यावर उरलं तं लागते."

"रडू येते का उगाच?"

ताई म्हणाली, "आता नाही येत. पहिले येत होतं. तुमची मुक्कामाची ड्युटी होती जालन्याले. आपली मंजुश्री तापानं फणफणली. पाण्यापावसानं गाड्या बंद. तिले कडेवर घेऊन मी लोणारपावतर पायी गेली. वाटेत घसरून पडली, पोरीले वर धरलं, गुडघ्यावर पडली. तवापासून हा उजवा बोलते."

"मले कोणीच सांगतलं नाही."

"तुम्ही आले तवा पोरगी बरी झाल्ती. तुम्ही विचारलं, चहा हाय का." ताईच्या आवाजात भांडण नव्हतं. भाजीचा भाव सांगावा तसं ती सांगत होती. "या खोलीत सारं गाव येते. कोणाले घाम कुठं येते थे तुमाले ठाऊक. मी भिंतीपलीकडं बसून ऐकते. मले वाटलं, आपणबी नंबर लावाव."

मला हे सगळं ऐकायचं नव्हतं. उठून मागच्या दारानं जावं असं फार वाटलं, पण पिंडरीत सुया होत्या आणि माझी डबल बेल झालेली नव्हती. ही बाई माझी बहीण. तिच्या गुडघ्यावर मी वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या, आणि ती कधी पडली, कशी पडली, हे मला त्या खाटेवर पडून कळत होतं.

पडद्याच्या फटीतून दिसलं, भाऊजी खाली जमिनीवर बसले होते. तिचा पाय त्यांनी मांडीवर घेतला, गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच वाकवून पाहिला. गुडघ्यातून वाळू चिरडल्यासारखा आवाज आला, तो मलाही ऐकू आला. त्यांनी सुई काढली. ताई म्हणाली, "लावा. पाटलापक्षा दोन जास्तच लावा. दुसरबीडले बोलाचे शब्द मी पाठ केले. नाव होऊ द्या तुमचं."

सुई भाऊजींच्या बोटांत तशीच राहिली. मग त्यांनी ती परत डब्यात ठेवली.

"नाही लावत," ते म्हणाले. "हे सुईचं काम नाही, जनका. गुडघ्याची वाटी गेली. हे ऑपरेशनचं काम हाय."

हे त्यांनी हळू सांगायला हवं होतं. पण जन्मभर गाडीच्या आवाजावर आवाज चढवलेला माणूस, त्यांना हळू बोलता येत नाही. सगळ्या ओट्यानं ते ऐकलं. "घ्या!" चांगुणाबाई बाहेरून म्हणाल्या. बाकं सरकल्याचे आवाज झाले, चपला वाजल्या. भाऊजींनी बाहेर पाहिलंही नाही. ते तसेच पाय धरून बसले होते आणि विचारत होते, "अजून कुठं दुखते?" आणि ताई सांगत होती. माझे डोळे भरून आले. ते पुसायला मी हात वर नेला, आणि नीट पुसले. धरलेला खांदा वर गेला हे मला घरी पोचल्यावर लक्षात आलं. मी ते भाऊजींना आजपर्यंत सांगितलेलं नाही.

दुसरबीडला जाऊन भाऊजींनी शिबिराला नाही म्हणून सांगितलं. पाटी स्वतः उतरवली. जालन्याला ताईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. भाऊजी दवाखान्यात तिच्या उशाशी बसून राहिले आणि नर्सबाईंना तिची जीभ पाहा म्हणून सांगत राहिले. घरी आल्यावर ताई आधी वॉकर धरून चालली, मग काठी घेऊन, आणि पुढं एका सकाळी हंडा न घेता नुसतीच नळावर जाऊन उभी राहिली.

मला वाटलं, संपलं. आता गाव शहाणं होईल. फार्मसी शिकलेल्या माणसाचीही अशी समजूत होऊ शकते.

नळावर चांगुणाबाईंनी ताईचं लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं आणि पाहिलं. चिरेचा लांब व्रण होता आणि दोन्ही बाजूंनी टाक्यांच्या बारीक ठिपक्यांच्या ओळी. चांगुणाबाईंनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "अवं माय!" त्या म्हणाल्या. "किती लावल्या वं ह्या! तरीच!"

ताई म्हणाली, "टाके हायेत थे. ऑपरेशन झालं."

"थे तं झालंच असंन. पण सुया पाह्य ना!"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मोतीरामनं सगळ्यात जास्त सुया राखून ठेवल्या त्या घरच्या बाईसाठी. दुसऱ्या सकाळी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पाटी नव्हती तरी रांग होती, आणि रांगेत पुढं गुलाबराव. भाऊजींनी दारात उभं राहून, गाडीत सांगत तसं सगळ्यांना ओरडून सांगितलं, "तिले मी एकबी सुई नाही लावली!"

गुलाबराव हसले. "लपवतं काय बे, मोतीराम. ठिपके साऱ्या गावानं पाह्यले. वहिनीले जेवढ्या लावल्या, तेवढ्या मले लाव."

"एकबी नाही लावली, पाटील."

"ठीक हाय," गुलाबराव बंडी काढत म्हणाले, "तिच्यापक्षा दोन कमी लाव. घरच्या बाईचा मान हाय, समजते मले."

दवाखाना पुन्हा सुरू झाला. आता दारात ताई खुर्ची टाकून बसते. ज्यांचे गुडघे गेले, ज्यांच्या छातीत दुखतं, त्यांना ती आत सोडतच नाही, सरळ जालन्याची गाडी दाखवते. ते लोक चिडतात. मग माझ्या दुकानात येऊन तक्रार करतात की मोतीराम भाव खातो.

परवा दुकान बंद करून चहाला गेलो होतो. शेवटचा रोगी उतरला होता. ऑपरेशन झाल्यापासून भाऊजींनी आपली खाट बाहेर ओट्यावर टाकली आहे, ताईला झोप लागावी म्हणून. तिथंच बसून त्यांनी ताईची नाडी पाहिली आणि विचारलं, "झोप कशी लागते?"

"लागत नाही."

"आता काऊन?"

"घोरणं ऐकू येत नाही."

भाऊजी माझ्याकडं पाहू लागले. मी चहाच्या कपात पाहू लागलो. मग ते उठले आणि खाटेचं एक टोक उचलून आत न्यायला लागले. ती उंबऱ्यात अडकली. मी दुसरं टोक धरायला गेलो, तर ताईनं माझ्याकडं पाहत, दारातल्या खुर्चीवरूनच हात वर करून घंटेची दोरी दोनदा ओढली.